बॉबिनच्या डब्यातली खार

याद्वारे नमूद करण्यात येते की, सदर महिला लग्न होऊन आल्यापासून या गल्लीत सलग वास्तव्यास असून मोटारगाड्यांच्या आसनांची आच्छादने शिवणे हा तिचा व्यवसाय आहे. वय : पन्नाशीच्या अलीकडे, परंतु फार अलीकडे नव्हे. बांधा : मध्यम. ओळखीची खूण : उजव्या अंगठ्याला कात्रीचा घट्टा. नातेसंबंध : एका सासूची थोरली सून, एका नवऱ्याची बायको, एका मुलीची आई व एका धाकट्या जावेची थोरली जाऊ. वर्तणूक : चांगली. स्वभाव : शांत. सदर महिलेचा कोणाशीही आकस, हेवादावा अथवा अबोला असल्याचे निदर्शनास आलेले नाही.

असा दाखला गल्लीतलं कोणीही डोळे झाकून देईल. डोळे उघडून द्यायचा झाला, तर मात्र हेवादाव्यापाशी थोडं थांबावं लागेल.

या बाईंना सगळे वहिनी म्हणतात. सुरुवात दिरानं केली, मग दुकानातल्या गिऱ्हाइकांनी उचललं, आणि आता टपाल आणणारा माणूससुद्धा रस्त्यातून 'वहिनी, पाकीट!' अशी हाक मारतो. घर वर, दुकान खाली. दुकानात गाड्यांच्या सीटची कव्हरं करतात. थोरला भाऊ, म्हणजे वहिनींचा नवरा, गाडीत डोकं खुपसून सीट सोडवतो आणि परत बसवतो. धाकटा भाऊ रेक्झिन आणायला जातो आणि गप्पा मारून येतो. कधी कधी रेक्झिनही आणतो. शिवायचं काम वहिनींचं. आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं, वरचा स्वयंपाक बघायचा, सासूबाईंची पथ्यं सांभाळायची, हे सगळं धाकट्या जावेचं. तिला सगळे धाकटी म्हणतात.

ही धाकटी वाईट असती, तर वहिनींचं आयुष्य फार सोपं झालं असतं. पण ती वाईट नव्हती. वर्षानुवर्षं पारखून पाहिलं तरी तिच्यात खोट सापडेना. आळशी म्हणावं तर सगळ्यांच्या आधी उठायची. लावालाव्या करते म्हणावं तर कुणाबद्दल वावगा शब्द नाही. आणि जे काही हालचाल करतं, श्वास घेतं किंवा नुसतं वाढतं, ते सगळं धाकटीकडे ओढलं जायचं. वहिनींनी लावलेलं रोप आठवड्यात मान टाकायचं. तीच कुंडी धाकटीनं खिडकीत उचलून ठेवली की त्याला पालवी. सासूबाई गोळी घ्यायच्या ती धाकटीच्याच हातून. 'थोरली देते ती गोळी कडू लागते,' असं त्या म्हणाल्याही होत्या. गोळी एकाच पाकिटातली. गल्लीतली अर्ध्या कानाची मांजर तर वहिनींना ओलांडून धाकटीच्या पायाशी जायची, आणि ओलांडताना वहिनींकडे बघायची.

हेही एक वेळ चाललं असतं. पण लेक. वहिनींची एकुलती एक लेक लहानपणी केस विंचरायला काकूकडे बसायची, ती मोठी झाल्यावरही काही उठली नाही. नोकरी लागल्याचं तिनं आधी काकूला सांगितलं. वहिनींना कळलं ते जिन्यातून ऐकू आलं म्हणून. वर जाऊन त्यांनी 'काय गं, कसला आरडाओरडा?' असं विचारलं आणि नव्यानं आनंद झाल्यासारखं केलं. चांगलं केलं. कुणाला शंका आली नाही.

हेवा करावा तर वहिनींसारखा. त्यांच्या शिलाईसारखाच : टाका सगळा आतून, बाहेरून नुसतं गुळगुळीत. कधी भांडण नाही, टोमणा नाही. फक्त धाकटीच्या ब्लाउजला हूक लावायचं असलं की वहिनींच्या मागे इतकं काम निघायचं, इतकं निघायचं, की शेवटी धाकटी टाचणीवर भागवायची.

तर अशा घरात खार आली.

एक जुनी गाडी आली होती. मालकानं ती कित्येक महिने झाडाखाली उभी करून ठेवली होती आणि आता विकायची म्हणून सीट चांगल्या करून हव्या होत्या. वहिनींच्या नवऱ्यानं मागची सीट सोडवली, खालचं कापड फाडलं, तर आतला फोम कुरतडून त्यात चिंध्या, दोऱ्या आणि वाळक्या पानांचा गोळा केलेला. गोळ्यात मुठीएवढंही नाही असं एक पिल्लू. अंगावर लव आलेली, डोळे मिटलेले. आईचा शोध घ्यायला त्यांनी बॉनेट उघडलं. आई सापडली. कित्येक महिन्यांनी गाडी चालू केली तेव्हा ती इंजिनाच्या पंख्यापाशी असावी. नवऱ्यानं बॉनेट हलकेच लावलं आणि पिल्लू कापसात गुंडाळून दुकानात आणलं.

"धाकटीला हाक मारा," तो म्हणाला. घरात काहीही लहान, आजारी किंवा ओलं सापडलं की हेच म्हणायची पद्धत होती.

"ती माहेरी गेलीय," वहिनी म्हणाल्या.

"अरेच्चा. मग आता?"

हा 'मग आता' वहिनींना लागला. चारचाकीच्या पाच सीट एका बैठकीत शिवणारी बाई समोर बसलेली आणि नवरा दाराकडे बघून 'मग आता' म्हणतो.

"आण इकडे," त्या म्हणाल्या. नवऱ्याला त्या एरवी अहोजाहो करतात.

जनावरांचे डॉक्टर पुढच्या रस्त्यालाच होते. त्यांनी पिल्लू तळहातावर फिरवून पाहिलं आणि सांगितलं, की गाईचं दूध द्यायचं नाही, कुत्र्याच्या पिल्लांसाठी पावडर मिळते ती कालवून द्यायची. बिनसुईच्या बारीक सिरिंजनं, थेंब थेंब, पालथं धरून. नाकात गेलं तर संपलं. आणि ऊब हवी. "आणि वहिनी, फार लळा लावू नका. मोठी झाली की सोडायचीय."

"छे हो, मला कुठला लळा," वहिनी म्हणाल्या. तोपर्यंत हे खरं होतं.

ऊब म्हटल्यावर वहिनींना पहिली आठवली ती मशीनखालची फळी. त्यांचं मशीन जाड कामाचं आणि जुनं. त्याची मोटर टेबलाखाली बसवलेली. बटण दाबलं की ती घूंऽऽ करत फिरत राहते, मग तुम्ही शिवा नाहीतर नुसत्या बसा. पायडल दाबलं की तेवढी सुई चालते. दिवसभरात मोटर चांगली तापते. तिच्याशेजारी एक अरुंद फळी आहे आणि फळीवर बॉबिनचा पत्र्याचा डबा. वहिनींनी बॉबिनं काढून खिशात टाकली, डब्यात फोमचा चुरा आणि मऊ अस्तराचा तुकडा घातला, आणि पिल्लू आत ठेवलं. मग मशीनवर बसल्या बसल्या, मांडीवर घेऊन, थेंब थेंब दूध पाजलं. पिल्लानं सिरिंजला दोन्ही पंजांनी धरलं आणि चोखायला लागलं.

वहिनींना इतक्या घट्ट कुणी धरलं त्याला बरीच वर्षं झाली होती.

धाकटी परतली ती जिन्यातच चप्पल काढून धावत खाली आली. "वहिनी, खार आणलीत म्हणे! बघू, बघू ना! अगं बाई, कित्ती गोड! हिला अशी खाली कुठे ठेवलीत, धुळीत? मी नेते वर."

वहिनींनी डबा आधी स्वतःकडे ओढला. पण शिलाई आतून. "ने की," त्या म्हणाल्या.

धाकटीनं पिल्लू वर नेलं, ओढणीत घेतलं, लाडीगोडी केली, सिरिंज तोंडाशी नेली. पिल्लानं तोंड फिरवलं. परत नेली, परत फिरवलं. दूध हनुवटीवरून ओघळलं. लेकीनं प्रयत्न केला. सासूबाईंनी दुरून सूचना केल्या. शेवटी सगळी वरात खाली आली, वहिनींनी पिल्लू मांडीवर घेतलं, बटण दाबलं, कारण त्या खुर्चीत बसलं की त्यांचा हात आपोआप बटणाकडे जातो, आणि सिरिंज पुढे केली. पिल्लू तुटून पडलं.

मग सासूबाई म्हणाल्या, "थोरलीच्या हाताची सवय झालीय त्याला."

हे वाक्य वहिनींनी नंतर कितीतरी दिवस पुरवून पुरवून वापरलं. गिऱ्हाईक आलं की विषय खारीकडे वळायचा. खरं म्हणजे वळवायला काहीच लागायचं नाही. वहिनी डबा टेबलावर घ्यायच्या आणि गप्प बसायच्या.

"कोणाकडूनच घेत नाही?" गिऱ्हाईक विचारायचं.

"नाही हो. आमच्या धाकटीनं किती केलं बिचारीनं. तिला सगळ्यांची माया, पण हिचं काहीतरी वेगळंच आहे बाई. माझ्याशिवाय चालत नाही."

'बिचारीनं' हा शब्द वहिनी असा काही सोडायच्या, की तो जिना चढून वरच्या स्वयंपाकघरात जाऊन पोचायचा.

धाकटीनं हार मानली नाही. पावडर बदलून पाहिली. दूध कोमट, किंचित गरम, पुन्हा कोमट. वहिनींच्या जुन्या साडीचा पदर मागून घेतला आणि त्यात पिल्लाला गुंडाळून पाजायला बसली. पदर वहिनींनी दिला. एरवी दिला नसता, पण या प्रयोगाचा निकाल त्यांना आधीच ठाऊक होता. पिल्लानं पदर हुंगला आणि तोंड मिटून घेतलं. धाकटीचा चेहरा उतरला. धाकटीचा चेहरा उतरताना कसा दिसतो, हे वहिनींनी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांना तो आवडला.

वहिनी स्वतः मात्र पिल्लाला कधी वर नेत नसत. वर नेलं की दहा हात लागणार. सुटीच्या दिवशीही 'थोडं राहिलंय' म्हणून त्या खाली येत, बटण दाबून बसत, पाजत. नवरा म्हणायचा, "किती काम करतेस गं." त्याला डब्यातलं काम दिसत नसावं, किंवा दिसून न दिसल्यासारखं करत असावा. लग्न जुनं झालं की हे ओळखता येत नाही.

आणि मग वहिनींच्या भावाचा फोन आला. आई न्हाणीघरात घसरली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं होतं, आता घरी आणणार होते, आणि उठवायला-बसवायला माणूस हवं होतं.

"जायलाच हवं," सासूबाई म्हणाल्या. "खार ठेव धाकटीकडे. भुकेनं कासावीस झाली की घेईल तिच्याकडून."

याच गोष्टीची वहिनींना भीती वाटत होती. पिल्लू घेणार नाही याची नाही, घेईल याची. भुकेपोटी एकदा घेतलं की संपलं. परत येऊन बघावं तर मांजर, रोप, सासूबाई, लेक आणि खार, सगळे धाकटीच्या बाजूला रांगेत बसलेले.

"मी घेऊन जाते तिला," वहिनी म्हणाल्या.

"आजारी माणसाच्या घरी?" धाकटी म्हणाली. "वहिनी, इतक्या लांब, एवढासा जीव—"

"एवढासा जीव माझ्याशिवाय राहील का?"

धाकटी पावडरीचा डबा पिशवीत भरायला लागली. त्याचाच तर पुरावा घरात रोज मिळत होता.

बसमध्ये वहिनींना इंजिनाजवळची जागा मिळाली. डबा मांडीवर, वर जाळीचं कापड. वाटेत दोनदा पाजलं. पिल्लू कसं छान, शहाण्यासारखं प्यायलं. शेजारच्या बाई कौतुकानं बघत होत्या. वहिनींनी त्यांना सविस्तर सांगितलं, की ही दुसऱ्या कुणाच्या हातचं घेत नाही. बाई उतरून गेल्या तरी वहिनी थोडा वेळ सांगत होत्या.

भावाचं घर तिथल्या एका गल्लीच्या टोकाला, निवांत. आई पलंगावर पडलेली, तोंड मात्र उभं. "मला बघायला आलीस का उंदराला पाजायला?"

"उंदीर नाही, खार आहे."

"शेपूट कुठाय?"

"येईल."

आईचं आवरून, कपडे बदलून, पाठीला उशी देऊन वहिनी डबा घेऊन खिडकीशी बसल्या. सिरिंज पुढे केली. पिल्लानं तोंड फिरवलं.

वहिनींना वाटलं, प्रवासाचा शीण असेल. थोड्या वेळानं पुन्हा. पुन्हा तोंड फिरवलं. दूध ओठांवरून ओघळून पोटावर गेलं. वहिनींनी कोमट केलं, किंचित गरम केलं, पुन्हा कोमट केलं. पदरात गुंडाळलं. हे सगळं आपण कुठे पाहिलंय, असं त्यांना वाटलं आणि कुठे ते आठवल्यावर त्यांनी पदर सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पिल्लू मऊ पडलं. पंजे सिरिंजपर्यंत येऊन परत खाली जायला लागले. वहिनींचा हात तोच होता, घट्टा तोच, माया तर आदल्या दिवसापेक्षा जास्त. स्वयंपाकघराच्या दारात त्या तशाच डबा घेऊन उभ्या होत्या. आत भावाची बायको आईच्या सूपसाठी टोमॅटो वाटायला घेत होती. तिनं मिक्सर लावला. घूंऽऽ.

डब्यातून चिक् असा आवाज आला. पिल्लानं मान वर केली होती आणि तोंड उघडलं होतं.

वहिनींनी सिरिंज लावली. पिल्लू चोखायला लागलं. मिक्सर थांबला. पिल्लू थांबलं.

"लाव परत," वहिनी म्हणाल्या.

"झाले ताई टोमॅटो."

"असू दे. लाव."

"पाणी झालंय त्यांचं."

"मग रिकामा फिरव!"

भावाची बायको शहाणी होती. सासरच्या माणसांचं डोकं फिरतं तेव्हा आधी सांगितलेलं करावं आणि नंतर नवऱ्याला सांगावं, एवढं तिला कळत होतं. तिनं रिकामा मिक्सर फिरवला. पिल्लू प्यायलं. मिक्सर बंद केला की बंद, चालू केला की चालू, असं वहिनींनी तीन-चार वेळा करून पाहिलं, कारण एकदा पाहून त्यांचा विश्वास बसेना, आणि खरं सांगायचं तर चौथ्यांदा पाहूनही त्यांना बसवायचा नव्हता. शेवटी मिक्सरातून धूर आला आणि तो कायमचा गप्प झाला.

"काय जळतंय गं?" आईनं पलंगावरून विचारलं.

"काही नाही," वहिनी म्हणाल्या.

म्हणजे त्यांचा हात नव्हता. वास नव्हता, माया नव्हती, 'माझ्याशिवाय' तर मुळीच नव्हतं. दुकानातली ती तेलकट, धूळ खाल्लेली मोटर होती. बसमध्येही इंजिन होतं. पिल्लाला आई म्हणून जे काही कळत होतं त्यात वहिनी कुठेच नव्हत्या. त्या फक्त आईशेजारी बसणाऱ्या बाई होत्या. इतकी वर्षं माणसांचा आणि मांजरांचा हेवा केला, त्याला निदान काही तरी आकार होता. आता मोटरीचा करायचा म्हणजे सुरुवात कुठून करावी, हेच त्यांना कळेना.

भाऊ संध्याकाळी आला. त्याला सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "हात्तिच्या, स्कूटर आहे की." त्यानं अंगणात स्कूटर चालू करून दिली. पिल्लू दोन घोट प्यायलं, मग धूर त्याच्या नाकात गेला आणि ते शिंकायला लागलं. स्कूटर बंद झाली.

नवरा सासूबाईंची, म्हणजे त्याच्या सासूबाईंची, विचारपूस करायला दुसऱ्या दिवशी येणारच होता. त्याच्याबरोबर पिल्लू परत पाठवायचं ठरलं. पण घरी पाजणार कोण? नवऱ्याची बोटं सीटचे बोल्ट सोडवायला बनलेली. सिरिंज त्यात दिसतही नाही. लेक दिवसभर नोकरीवर. राहिली धाकटी. आणि धाकटी पिल्लाला लगबगीनं वर नेणार, ओढणीत घेणार, शांत जागी बसून लाडीगोडी करणार.

वहिनींनी काही सांगितलंच नाही तर?

तर पिल्लू धाकटीच्या हातात मरणार. 'माझ्याशिवाय चालत नाही' हे वाक्य कायमचं खरं होणार, आणि ते खोटं पाडणारं जगात कुणी उरणार नाही. हा विचार वहिनींच्या मनात आला. समोरचा चहा निवेपर्यंत तो तिथेच बसून होता. आईनं हाक मारली, वहिनींनी तिला कुशीवर वळवलं, परत आल्या तरी तो होताच. डब्यात पिल्लू रिकाम्या हवेत ओठ हलवत होतं.

वहिनींनी फोन उचलला.

"धाकटे, ऐक. उद्या खार पाठवतेय यांच्याबरोबर."

"अगं बाई! का हो? बरी आहे ना?"

"तिला घेऊन खाली बसायचं. वर न्यायची नाही. माझ्या खुर्चीत बसायचं."

"तुमच्या?"

त्या खुर्चीत आजवर कुणी बसलं नव्हतं. एकदा दीर बसला होता, चुकून.

"माझ्या. आणि मोटरचं बटण दाबायचं."

"वहिनी, मला शिवता कुठे येतं?"

"शिवू नकोस! पायडलला पाय लावलास तर याद राख. नुसती मोटर चालू करायची, आणि मग पाजायचं. घेईल."

धाकटी गोड होती, पण बावळट नव्हती.

"म्हणजे वहिनी... मोटर चालू असली की घेते?"

"हो."

"कुणाकडूनही?"

वहिनींनी खिडकीबाहेर पाहिलं. तिथे काही नव्हतं. "कुणाकडूनही."

पलीकडून आधी हसण्यासारखा आवाज आला, मग नाक ओढल्याचा. "देवा रे! आणि मी इकडे रडरड रडलेय, वहिनी. खरंच. स्वयंपाक करताना रडायचे. एक एवढंसं पिल्लू माझ्याकडे ढुंकून बघत नाही आणि तुमच्या हातातून घटाघट पितं. तुमच्यावर इतकी जळत होते मी, काय सांगू तुम्हाला."

"काय म्हणालीस?"

"जळत होते म्हटलं. वाईट ना?"

"इकडे नीट ऐकू येत नाही बघ. परत सांग."

"तुमच्यावर जळत होते!" धाकटी ओरडून म्हणाली.

फोनवर अगदी स्वच्छ ऐकू येत होतं. पण इतकं चांगलं वहिनींशी त्या घरातलं कुणी आजवर बोललं नव्हतं.

यानंतर दोघी जावांचं मेतकूट जमलं, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. वहिनी आईपाशी होत्या तेवढे दिवस फोन करत राहिल्या : बटण बंद केलंस ना? सुई वर आहे ना? कात्रीला हात नाही ना लावलास? परत आल्या तेव्हा पिल्लाचे डोळे उघडले होते, शेपटीला झुपका आला होता, आणि ते धाकटीच्या खांद्यावर बसून तिचा कान कुरतडत होतं. खुर्चीवर धाकटीनं स्वतःच्या उंचीसाठी उशी घातली होती. वहिनींनी आधी उशी काढली, मग चप्पल.

"डोळे उघडले तेव्हा समोर कोण होतं?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"दुपारी उघडले. मी भाजीला गेले होते. भाऊजी होते समोर."

धाकटी खरं बोलत होती की दयेनं, हे ठरवता आलं नाही. वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं गाडीत डोकं घातलं.

पुढे पाजणं दोघींत वाटून घेतलं गेलं. पिल्लानं कधीच फरक केला नाही. बटण दाबलं की ते येई; खुर्चीत कोण आहे ते बघत नसे. धाकटीनं ब्लाउजला हूक लावून मागितलं तेव्हा वहिनींनी कुरकुर न करता लावून दिलं. जरा आवळून लावलं, पण लावलं. लेकीनं एकदा ऑफिसातली काहीतरी गंमत दोघींना एकदमच सांगितली. आधी कुणाकडे बघून सांगितली, यावर वहिनी आणि धाकटी यांची मतं वेगळी आहेत.

मग खार दाणे फोडायला लागली, कपाटावरून पडद्यावर उड्या मारायला लागली, आणि डॉक्टर म्हणाले, "झालं, आता सोडा." मागच्या भिंतीशी जाळीचा पिंजरा काही दिवस ठेवला, मग एका सकाळी दार उघडं ठेवलं. खार भिंतीवर चढली, थांबली, झाडावर गेली. धाकटी रडली. वहिनींनी धाकटी किती रडते ते पाहिलं आणि मग त्याही रडल्या, किंचित जास्त.

काही दिवस मशीन चालू झालं की खार खिडकीत यायची, दाणा घ्यायची. मग येणं कमी झालं. मग बंद. दोघींनी झाडं पाहिली, गच्च्या पाहिल्या. मांजरीकडे संशयानं पाहिलं. शेवटी बातमी आणली धाकट्या भावानं, रेक्झिनऐवजी.

वळणावर टायरवाल्याचं दुकान आहे. हवा भरायचा त्याचा कॉम्प्रेसर सकाळपासून घरघरत असतो. त्याच्यामागे जुन्या टायरांची चळत, आणि सगळ्यात आतल्या टायरात खारीनं घर केलं होतं. दोघी जाऊन उभ्या राहिल्या. घरट्यात पिवळा फोम दिसत होता, त्यांच्याच दुकानाच्या कचऱ्यातला, आणि वहिनींनी शिवलेल्या कुठल्यातरी सीटची निळी दोरी.

टायरवाला ग्रीसचे हात पुसत बाहेर आला. आडदांड माणूस, गल्लीत कुणाशी धड न बोलणारा. त्यानं खिशातून दाणा काढला, तळहात पुढे केला. खार आली, त्याच्या हातावर बसून खाल्लं, आणि त्याच्या कॉलरवर चढली.

"माझीय," तो लाजत म्हणाला. "कुणाकडे म्हणून जात नाही बघा. बायकोनं किती बोलावलं, जवळ येत नाही. काय हाताची जादू असते एकेकाच्या, सांगता येत नाही."

धाकटीनं वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी धाकटीकडे पाहिलं. मागे कॉम्प्रेसर घरघरत होता.

"असते," वहिनी म्हणाल्या, आणि दोघी घरी आल्या.

हल्ली त्या घरातल्या गाड्यांत हवा भरायची असली, तर वळणावरचं दुकान ओलांडून पेट्रोल पंपापर्यंत जावं लागतं.